चोवीस बदकं

माझे वडील पेंटर. चित्रकार नव्हे, पेंटर. एस.टी.च्या परभणीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं त्यांनी गाड्या रंगवल्या आणि गाड्यांवरची अक्षरं काढली. सिंगापुरात येऊन मला आठ वर्षं झाली, पण ऑफिसातल्या माणसाला हे मी एकदाच सांगितलं. एरवी कुणी विचारलं की 'गव्हर्नमेंट सर्व्हिसमध्ये होते' एवढं म्हणायचं आणि विषय मिटवायचा. ज्या एका वेळी मी छाती फुगवून सांगितलं, ती वेळ नेमकी चुकीची निघाली. त्याचीच ही गोष्ट. सांगायला लाज वाटते. ज्यांना सांगायला हवी त्यांना सांगायची हिंमत तर अजून झालेलीच नाही.

दादाराव त्यांचं नाव. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात जन्म. सातवीत असताना गावातल्या भीमजयंतीच्या मिरवणुकीचा फलक यांनी रंगवला आणि तेव्हापासून भिंत दिसली की यांचे हात शिवशिवायला लागायचे. पुढे एस.टी.त लागले. गाडीच्या पाठीवरचा नंबर, दरवाजावरचं 'संकटकालीन मार्ग', ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सूचना, सगळं यांच्या हातचं. लहानपणी मी स्टँडवर उभा राहून कुठल्या गाडीवरचं अक्षर बाबांचं आणि कुठलं दुसऱ्याचं, हे लांबून ओळखायचो. त्यांचा 'र' जरा पोट पुढं काढून उभा असायचा.

सुट्टीच्या दिवशी बाहेरचीही कामं घ्यायचे. एकदा एक ट्रकवाला आला. नंबर प्लेटवरच्या तिनाचा आठ करून द्या म्हणाला. बाबांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, डब्यात ठेवला आणि त्याला म्हणाले, "चहा घेऊन जा, पण हे काम माझ्याकडून व्हायचं नाही." तो माणूस जाम भडकला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि मला वाटलं होतं, करून टाकायचं की, एका आकड्यानं काय होतं! बघा, तेव्हापासून माझं हे असं आहे.

रिटायर झाल्यावर बाबांनी दहा दिवस भिक्खूसारखं राहायचं श्रामणेर शिबिर केलं. मुंडन, चीवर, दिवसातून एकदाच जेवण. परत आले ते मटण सोडूनच. आईनं, म्हणजे लीलाबाईनं, कपाळाला हात लावला. "तुमची शीलं तुम्ही पाळा, मला रविवारी रस्सा लागतो," असं तिनं स्पष्ट सांगून टाकलं. बाबांनी तिला कधी अडवलं नाही. स्वतः मात्र पंचशील घेतलं म्हणजे घेतलं. कुठल्याही जीवाला मारणार नाही म्हणजे डासालासुद्धा नाही. इथं पासिर रिसला आमच्याकडे आले तेव्हा बाथरूममध्ये झुरळ निघालं. मी चप्पल उचलली, तर हे ओरडले, "थांब लेका!" वाटीखाली झुरळ पकडलं, वाटीखाली पुठ्ठा सरकवला आणि नवव्या मजल्यावरून लिफ्टनं खाली नेऊन झाडात सोडलं. लिफ्टमध्ये शेजारची चिनी आजी होती. वाटीत काय आहे म्हणून तिनं कौतुकानं वाकून पाहिलं. त्यानंतर आठवडाभर ती बाबा दिसले की पुढच्या लिफ्टची वाट बघायची.

असा हा माणूस. यांच्याकडून मी काय करवून घेतलं ते आता ऐका.

बाबा जानेवारीत एकटेच आले. आई एकदा येऊन गेली होती आणि 'तिथं बोलायला भिंतीच आहेत' म्हणून पुन्हा यायला तयार नव्हती. मी, अंजली आणि आमची नऊ वर्षांची अवनी, तिघंही सकाळी सातला घराबाहेर. मी कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला, अंजली तिच्या लॅबमध्ये, अवनी शाळेत. बाबा दिवसभर खिडकीत. संध्याकाळी आलो की ते मला रिपोर्ट द्यायचे, समोरच्या ब्लॉकवरचा आकडा चौथ्या मजल्याच्या उंचीला फिका पडलाय, कोपऱ्यातल्या पाटीचं प्रायमर नीट बसलेलं नाही. मला ऐकून ऐकून कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी कॅन्टीनमध्ये माझा बॉस ग्रेग समोर येऊन बसला. ग्रेग ऑस्ट्रेलियाचा, मेंटेनन्सचा प्रमुख, मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं नोकरी करायचा परवाना, जूनमध्ये संपत होता आणि रिन्यूअलला कुणाची नावं पाठवायची यावर सही ग्रेगची होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी किती थोर माणूस आहे ते कळेल.

ग्रेग वैतागला होता तो प्लास्टिकच्या बदकांवर. मला आधी काही कळेचना. मग त्यानं फोनवर फोटो दाखवला. त्याच्या गावाकडे, ऑस्ट्रेलियात, मार्चमध्ये बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा तो दरवर्षी जातो. दलदलीतल्या पाण्यावर ही प्लास्टिकची बदकं सोडायची. वरून उडत जाणाऱ्या खऱ्या बदकांना वाटतं, आपली माणसं खाली निवांत बसलीयत, म्हणजे धोका नाही. ती खाली उतरतात. गवतात माणसं बंदूक घेऊन बसलेली असतात. ही चोवीस बदकं त्याच्या वडिलांच्या वेळची होती आणि त्यांचा रंग पार उडून गेला होता. नवी घ्यायला याचं मन होईना. 'माल चांगला आहे, फक्त रंग हवा' असं त्याचं म्हणणं. ख्रिसमसच्या सुट्टीहून येताना दोन खोक्यांत भरून इथं घेऊन आला होता, रिकाम्या वेळात रंगवीन म्हणून. दोन रंगवूनही पाहिली. ती चिखलात लोळलेल्या कोंबड्यांसारखी दिसत होती.

आणि मी, शहाणा, पटकन म्हणालो, "माझे वडील पेंटर आहेत. चौतीस वर्षांचा अनुभव. सध्या इथंच आहेत."

ग्रेगनं चमचा खाली ठेवला. "सुगत, तू हे आधी का नाही सांगितलंस?"

इतकं बरं वाटलं मला! आठ वर्षांत पहिल्यांदा बाबांच्या पेंटरकीचा मला उपयोग झाला होता. संध्याकाळी बस पूल ओलांडून शहराच्या बाजूला आली तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की ही बदकं कशासाठी आहेत, आणि आपण ती कुणापुढं ठेवणार आहोत.

ग्रेगला दुसऱ्या दिवशी जाऊन 'नाही जमणार' म्हणता आलं असतं. वडील बौद्ध आहेत, शिकारीचं काम करणार नाहीत, एवढं म्हटलं असतं तर तो 'फेअर इनफ' म्हणून मोकळा झाला असता, इतका तो सरळ माणूस आहे. पण मला त्याचं ते खूश झालेलं तोंड उतरवायचं नव्हतं. जून डोळ्यांपुढं होता. मग मी घरी येऊन काय केलं? बूट काढले, पाणी प्यायलो आणि बाबांना म्हणालो, "बाबा, एक काम आहे. आमच्या साहेबाच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, एक तळं आहे. त्यात शोभेला प्लास्टिकची बदकं सोडलेली असतात. त्यांचा रंग उडालाय. लहान पोरं येतात बघायला."

शेवटचं ते पोरांचं मी आपल्या मनानंच वर टाकलं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं.

बाबा खिडकीतून उठलेच. "कधी आणतूस?"

रात्रीच्या स्वयंपाकाला लागताना अंजलीला खरं काय ते सांगितलं. तिनं पोळीचं लाटणं तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "सुगत, त्यांना सांग. नाहीतर ग्रेगला नाही म्हण. दोन्हीपैकी एक कर."

"सांगतो गं नंतर. एकदा कामात रमले की सांगतो."

"नंतर म्हणजे कधी? बदकं मेल्यावर?"

मी चिडलो. म्हणालो, दिवसभर ते भिंतीकडे बघत बसतात, त्यांच्या हाताला काम मिळतंय, तुला बघवत नाही का? बिचारी पुन्हा पोळी लाटायला लागली. आपली चूक असली की आवाज आधी चढतो, हा माझा जुना आजार.

खोकी आली. बाबांनी चोवीसच्या चोवीस बदकं साबणानं धुतली, पॉलिश पेपरनं घासली. प्लास्टिकवर रंग धरत नाही, आधी त्याचं अंग खरखरीत करावं लागतं, असं अवनीला समजावत होते. ती मान डोलवत होती. किचनमागं कपडे वाळत घालायच्या जागेत त्यांनी पेपर अंथरून दुकान मांडलं. पहिलं बदक इतकं तकतकीत रंगवलं की त्यात तोंड दिसावं. ग्रेगला फोटो पाठवला, तर त्याचा लगेच निरोप: रंग सुंदर, पण चमक अजिबात नको. चमकलं की काम होत नाही.

"कामून रे?" बाबांनी विचारलं. "शोभेची वस्तू चमकायला नको का?"

"साहेबाला तसंच आवडतं."

"आणि खाली ही कडी कशाला?"

"दोरी बांधायला. वाऱ्यानं वाहत जाऊ नयेत म्हणून."

हे तर खरंच होतं. खोट्याच्या मधोमध एखादं खरं सापडलं की किती बरं वाटतं म्हणून सांगू! बाबांनी मान हलवली, ते चमकदार बदक पुन्हा घासून काढलं आणि बिनचमकेचा रंग आणवला.

मग म्हणाले, मला खरी बदकं बघायचीत. रविवारी मी त्यांना बोटॅनिक गार्डनला घेऊन गेलो. तिथल्या तळ्याच्या काठावर ते दोन तास मांडी घालून बसले, अवनीच्या चित्राच्या वहीत पेन्सिलनं काहीबाही काढत. मी मधूनमधून घड्याळ बघत होतो. ते एकदम माझा दंड धरून म्हणाले, "ते बघ. घाबरलेल्या बदकाचा डोळा अन् निवांत बदकाचा डोळा, लई फरक असतो. डोळ्यावरची पट्टी जरा खाली घेतली ना, की ते पेंगुळल्यावानी दिसतं. पोटभर खाऊन बसल्यावानी. लहान लेकरं बघणार म्हणतूस, मग त्यांना घाबरलेली बदकं कशाला दाखवायची?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथं, त्या काठावर. माझ्या तोंडाशी आलंही होतं. मी म्हणालो, "बाबा, आइस्क्रीम खाणार का?"

महिनाभर बाबा बदकं रंगवत होते. ग्रेगनं पाठवलेल्या फोटोंवरून एकेक पीस, त्याची फिकट कड, पंखावरचा तो हिरवा तुकडा, सगळं अक्षरांच्या बारीक ब्रशनं. दिवसाला एकच बदक. संध्याकाळी मी आलो की हात धरून दाखवायला न्यायचे. मी 'छान, छान' म्हणत फोन बघायचो, कारण त्या बदकांच्या डोळ्यांकडे माझ्यानं बघवत नव्हतं. इतकी सुखी बदकं मी आयुष्यात पाहिली नाहीत. अवनीनं चोवीसांना चोवीस नावं ठेवली होती. एकाचं नाव बाबांनी लीला ठेवलं. ते जरा गुबगुबीत होतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तिथं जाऊन हेच धंदे करा तुम्ही!" पण हसत होती. बऱ्याच वर्षांनी मी त्या दोघांना असं हसताना पाहिलं.

मार्चच्या सुरुवातीला बदकं गेली. ग्रेग थक्क झाला. काय द्यायचं म्हणाला, तर बाबांनी कानाला हात लावला. "लेकराच्या साहेबाचं काम, त्याचं काय घ्यायचं? फक्त तळ्यात सोडली की फोटो पाठवा म्हणावं."

पुढं रोज तोच प्रश्न. "सोडली का रे? तिरकी तर नाही ना झाली? पोरांना आवडली का?" मी म्हणायचो, हो, आवडली. एकदा म्हणाले, आपण बघायला जाऊ या का? मी म्हणालो, कॉन्डोत बाहेरच्यांना सोडत नाहीत. त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं. मला स्वतःची चीड आली आणि ती मी अवनीवर काढली, टीव्ही बंद कर म्हणून. अंजली आता काही बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा घरात बसवत नाही.

ग्रेग हंगामाला जाऊन आला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याचा फोन: "मी तुझ्या ब्लॉकखाली उभा आहे. तुझ्या वडिलांना स्वतः भेटून थँक्स म्हणायचंय. कितवा मजला?"

खाली पळत जाऊन त्याला तिथूनच परतवावं, बाबा आजारी आहेत म्हणावं, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. मग वाटलं, घाबरायचं कशाला? ग्रेगला मराठी येत नाही, बाबांना त्याचं इंग्रजी कळणार नाही. मधे बोलणारा मीच. ग्रेग काहीही बोलो, मी बाबांना भलतंच सांगीन. म्हणालो, नववा मजला.

ग्रेग बूट दाराबाहेर काढून आत आला. बाबांनी नवा शर्ट चढवला होता. हात जोडून "जय भीम" म्हणाले आणि ग्रेगनंही जमेल तसं "जे बीम" म्हटलं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. अंजलीनं चहा टाकला. आणि ग्रेगनं पिशवीतून एक फ्रेम काढून बाबांच्या हातात दिली. मोठा केलेला फोटो होता, छान काच लावलेला.

मी तो त्याच क्षणी पाहिला.

फोटोत पहाटेचं पाणी, मागं टोप्या घातलेली तीन माणसं, मधे ग्रेग. पुढं गवतावर बदकंच बदकं मांडलेली. बाबांनी खिशातून चष्मा काढून लावला. चेहरा फुलला होता. बोटानं काचेवर ते आपली बदकं ओळखायला लागले. "ही बघ लीला. हे अवनीचं ते, काय नाव त्याचं..." मग बोट थांबलं. पुन्हा मोजलं त्यांनी, मनातल्या मनात, ओठ हलत होते.

"सुगत, मी तर चोवीसच केली होती."

मी म्हणालो, "बाबा, चहा घ्या आधी."

"ही पुढची रांग कुणी केली? साहेबानं दुसऱ्या कुणाकडून करून घेतली का?" त्यांनी फ्रेम डोळ्यांजवळ नेली. आवाजात जरासा कारागिराचा हेवाही होता. "पिसं लई भारी केलीत. माझ्याहून भारी. पण माना कामून अशा टाकल्यात? माना नीट नाही जमल्या त्याला."

ग्रेगला वाटलं, बाबा कौतुकानं काही विचारतायत. तो उत्साहानं सांगायला लागला. बाबांच्या बदकांनी कमाल केली, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आमची बदकं पाण्यावर इतकी निवांत दिसत होती की वरून येणारा प्रत्येक थवा सरळ खाली उतरला, एकदाही घिरट्या न घेता. मी तोंड उघडलं. काय सांगायचं ते ठरवलंही होतं. पण आमच्या अवनीला आजोबांसाठी दुभाषी व्हायची भारी हौस. ती सोफ्यावरून उठलीच.

"आजोबा, अंकल म्हणतात, तुमचे ducks बघून खरे ducks खाली आले. They thought their friends are there, lah. मग अंकलनी त्यांना शूट केलं. ही पुढची लाइन खरी आहे. ती मेलेली आहेत." आणि मग तिलाच काहीतरी कळलं असावं, कारण तिचा आवाज बारीक झाला. "So many."

बाबा फोटोकडेच बघत होते. बोट अजून काचेवर होतं. त्यांनी ते हळूच उचलून घेतलं.

मला वाटलं, आता रागावतील. फ्रेम फेकतील. माझ्या कानाखाली वाजवतील, साहेबादेखत. वाजवली असती तर फार बरं झालं असतं. ते उठले, ग्रेगपुढं बिस्किटांची बशी सरकवली आणि म्हणाले, "प्लीज." त्यांना येणारं ते एक इंग्रजी. ग्रेगनं बिस्किट खाल्लं, चहा घेतला, पुढच्या वर्षी आणखी दोन डझन म्हणाला. बाबा दारापर्यंत सोडायला गेले. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हात जोडून उभे होते.

परत आले, खुर्चीवर बसले. चष्मा काढला. अंजली किचनच्या दारात उभी होती.

"सुगत," ते म्हणाले, "तुला ठाऊक होतं का रे?"

एवढाच प्रश्न. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. नखांच्या कडांना अजून तो पिंगट रंग होता, रॉकेलनंही न गेलेला.

"नाही बाबा," मी म्हणालो. "मला वाटलं तळ्यातच सोडणार. मलाही तसंच सांगितलं होतं त्यानं."

ग्रेगवरही ढकललं. बिस्किट खाऊन गेलेल्या त्या बिचाऱ्यावर. मी मान वर केली तेव्हा अंजली दारात नव्हती. बेडरूमचं दार लागल्याचा आवाज आला.

बाबांनी हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. "मला वाटलंच. तुझा चेहराच पडला तो फोटो बघून. मी बघत होतो ना." आणि वर मलाच समजवायला लागले. साहेबाला काही बोलू नकोस. त्यांच्याकडची रीत वेगळी, त्याला काय ठाऊक आपलं. तुझी नोकरी आहे, त्याला दुखवू नकोस. चूक माझीच. चमक नको म्हणाला तेव्हाच मला खोदून विचारायला पाहिजे होतं. कडी बघितली, दोरी ऐकली, तरी डोकं चाललं नाही माझं. कामाच्या नादात म्हातारा आंधळा झाला.

"बाबा, तुमची नाही हो चूक," मी म्हणालो. तेवढं एक वाक्य त्या दिवशी मी खरं बोललो आणि ते त्यांनी ऐकलं नाही.

त्यांनी आईला फोन लावला. मी तिथंच बसलो होतो. त्यांनी तिला सगळं सांगितलं, थांबत थांबत. किती होती ते सांगितलं. त्यांनी ती फोटोत मोजली होती, सतरा. "माझ्या बदकांवर विसंबून खाली आली गं ती," एवढं म्हणाले. माझ्या आठवणीत मी बाबांना रडताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग म्हणाले, "अन् हे बघ लीला, सुगतला काही बोलायचं नाही. त्याला ठाऊक असतं तर त्यानं मला ब्रशाला हात लावू दिला नसता. पोरगं पार खचलंय. तूच समजाव त्याला जरा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"बाळा," आई म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको. तुझा काय दोष त्यात?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणतो याची वाट बघत, डोळे पुसत.

"हो आई," मी म्हणालो.